परत आलेला नारळ

पाऊस येतोय असं आमच्या घरमालकांनी सांगितलं, की मावशी, म्हणजे त्यांच्या मंडळी, वाळत घातलेल्या कुरडया आत घ्यायच्या नाहीत. उलट घरात राहिलेली परातसुद्धा उन्हात नेऊन ठेवायच्या. “ह्यांनी पाऊस म्हनलं म्हंजी आज कडक ऊन,” म्हणायच्या. आणि बहुतेक वेळा कुरडया चांगल्या वाळायच्या.

वेल्ह्याच्या पुढं, डोंगरात शिरलेल्या त्या गावातल्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा राहायला खोली मिळाली ती या एकाच घरात. मी भोरच्या बाजारपेठेत वाढलेली. वडील कचेरीत कारकून. गावाला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती सुद्धा कधी गेले नव्हते. मालकांनी खोली दाखवताना मोठ्या अदबीनं सांगितलं, की हितं पूर्वी एक कलेक्टर महिनाभर राहून गेले, त्यांना जागा फार मानवली. मी भारावून सामान लावलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी सांगितलं, की कलेक्टर कुठला, तिथं म्हैस बांधायचो.

सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं; मी मालक म्हणायचे. त्यांच्या थापांचा मला सुरुवातीला फार राग यायचा, कारण त्या कशासाठी मारतात हेच कळायचं नाही. थापाड्या माणसाला काहीतरी लाटायचं असतं, नाहीतर स्वतःची लाज झाकायची असते. यांना दोन्ही नको. आज काय जेवलात विचारलं तर पिठलं खाऊन वांग्याची भाजी सांगायचे, आणि वांगं कुणाच्या वावरातलं, कसं खुडलं, तेही सांगायचे. एसटी गेली म्हणाले की ती यायची असायची. गावात म्हण पडली होती, की नाना मेल्याचं नानानं सांगितलं तर आधी नाडी बघा.

आठवड्याचे पाच दिवस ते खोरं आमचं असायचं आणि शनिवार-रविवार पुण्याचं. नसरापूरकडून गाड्यांची रांग लागायची. का लागू नये? समोर तोरण्याची भिंत, पायथ्याशी खाचरांच्या पायऱ्या, पावसात जिकडे बघावं तिकडे कड्यावरून पाणी, आणि ढग असा खाली उतरायचा की दारातली गाय दिसेनाशी व्हावी. मी स्वतः कितीदा ओल्या साडीचा पदर पिळत नुसती बघत उभी राहिले आहे. तर गाडीची काच खाली व्हायची आणि कुणीतरी विचारायचं, काका, इथं बघण्यासारखं काय आहे? त्या एका प्रश्नासाठी मालक सोमवारपासून जगत असावेत.

मग ते सांगायला लागायचे. समोरच्या सोंडेवरचं टेंगूळ म्हणजे एक बैल, धनीण माहेराहून परत येईल म्हणून वाट बघत दगड झालेला. ओढ्यापलीकडचे दोन खडक म्हणजे व्याही, लग्नात मानपानावरून भांडले आणि तोंडं फिरवून बसले. प्रत्येकाला वेगळी गोष्ट. एकदा एकाच गाडीतल्या पुढच्या आणि मागच्या सीटला त्यांनी बैलाच्या दोन निराळ्या कथा सांगितल्या आणि दोन्ही पटल्या. लोक खूश होऊन जायचे. ते दगड नंतर नुसते दगड राहायचे नाहीत, हे मलाही कबूल करावं लागेल; आजही मला त्या सोंडेवर बैलच दिसतो.

पण थापा मारण्याचासुद्धा त्यांचा एक धर्म होता. भीतीची गोष्ट सांगितली, की तिचा उतारा सांगितल्याशिवाय ते थांबत नसत. वळणावरच्या चिंचेखाली एक बाई दिसते म्हणायचे, आणि लगेच, पदराची गाठ मारून गेलं की ती वाट सोडते. मी एकटी लसीकरणाला वाड्या-वस्त्यांवर फिरायची, घाबरायची, म्हणून मलाही अशी एक गोष्ट आणि तिचा उतारा मिळाला होता. मी हसले तेव्हा ते गंभीर झाले. “भ्या घातलं तर उतारा बी द्यावा, सिस्टर. नुसतं भ्या घालून मानसाला वाटंला लावनं पाप हाये,” म्हणाले. खोऱ्यातल्या सगळ्याच जुन्या माणसांची ही रीत होती. अंगारा नाही, लिंबू नाही, अशी भुताची गोष्ट तिथं कुणी सांगतच नसे.

गावाच्या मागं ओढ्याच्या वर एक धबधबा आहे आणि त्याच्या पायाशी डोह. वरून बघाल तर हिरवंगार, शांत. पुण्याच्या पोरांना तो पोहण्याच्या तलावासारखा दिसायचा. पण धार जिथं पडते तिथलं पाणी खाली ओढतं आणि खडकाच्या पोटात नेतं. दर पावसाळ्यात एखादा तरी जायचा. मग गावातले पुरुष दोर आणि गळ घेऊन वर जायचे, आणि मी माझी पिशवी घेऊन, जिचा काही उपयोग नसायचा. मालक वयानं सगळ्यांत मोठे, तरी दोराचं पुढचं टोक त्यांच्याच हातात. मढं बाहेर आलं की ते स्वतःचं उपरणं त्याच्या तोंडावर घालायचे. दर वर्षी मावशी नवं उपरणं आणायच्या.

त्या एका दिवशी मात्र मालक खरं बोलायचे. जेवलात का विचारलं तर नाही म्हणायचे, आणि खरंच जेवलेले नसायचे.

पंचायतीनं धोक्याचा बोर्ड लावला. पोरं त्या बोर्डावर ओले शर्ट वाळत घालायला लागली. तेव्हा मालक मला म्हणाले, बोर्डाला कोण भितं, माणूस गोष्टीला भितो. आणि त्यांनी त्या डोहात साती आसरा आणून बसवल्या.

पाण्यातल्या या सात बहिणी आमच्याकडे बऱ्याच डोहांत असतात. बायका त्यांची ओटी भरतात, हिरव्या बांगड्या सोडतात. पण या डोहाला तोवर कुणी शेंदराचं बोट लावलेलं नव्हतं. मालकांनी गोष्ट रचली, की सातांतली धाकटी याच गावची नवी सून. पाण्याला आली, डोहात स्वतःचं रूप बघत बसली, आणि पाण्यातून सहा हात वर आले. तेव्हापासून सातही जणी धारेखाली केस विंचरत बसतात आणि न विचारता कुणी उतरलं की त्याला ठेवून घेतात. गोष्ट झाली. आता उतारा नको का? उतारा असा: समोरच्या मोठ्या खडकावर उभं राहून नारळ सोडायचा. नारळ परत पायाशी आला, तर आसरांनी हो म्हटलं, खुशाल उतरा. नाही आला, तर आल्या वाटेनं माघारी फिरा.

यातली गोम त्यांनी मला एकटीला सांगितली, चहाची बशी हातात धरून, हसत. त्या खडकावरून सोडलेलं काहीही थेट धारेखाली जातं आणि निघतं ते पार खाली, वळणाच्या पलीकडे. त्यांनी नारळ टाकून बघितले होते. परत कुठला येतोय, म्हणाले. मला पहिल्यांदा त्यांच्या थापेचं कौतुक वाटलं. उताराही दिला होता आणि तो कुणाला लागू पडणारही नव्हता.

आणि गोष्ट चालली. मोबाईलवरून ती पुण्यात पोचली, तिथून आणखी कुठं कुठं. लोक पूर्वीपेक्षा जास्त यायला लागले, पण उतरेनात. नारळ सोडायचे, तो धारेखाली दिसेनासा व्हायचा, अंगावर काटा आलेला एकमेकांना दाखवायचे आणि मागं सरायचे. दोन पावसाळे दोर खुंटीवरून खाली निघाला नाही. मालकांची सून संगीता, बोलायला मोजकी आणि कामाला वाघ, तिनं वाटेच्या तोंडाशी टेबल टाकून नारळ ठेवले. मालकांना त्याचाही आनंद. एक नारळ विकला म्हणजे एक माणूस घरी गेला, असं ते म्हणायचे. त्या दोन वर्षांतला त्यांचा चेहरा मला आठवतो. मावशी उपरणं आणायला विसरल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी, गणपती उठल्यानंतरचा रविवार होता. पुण्याहून चार मित्र आले, कॉलेज नुकतंच संपलेले. मोठ्या खडकावर खूप गर्दी, म्हणून ते दगडांवरून उड्या मारत ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला गेले आणि नारळ तिथून सोडला. तिथं पाणी गोल फिरतं. नारळ धारेपर्यंत गेला, हेलकावला, आणि फिरून सरळ त्यांच्या पायाशी आला. अलीकडच्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या, कारण परत आलेला तो पहिलाच नारळ. त्यांतल्या एकानं मोबाईल मित्राच्या हातात दिला, नारळाला नमस्कार केला आणि उडी मारली.

तो संध्याकाळी सापडला. मी तिथं होते. मालकांनी दोर धरला, उपरणं घातलं, सगळं नेहमीसारखं. ज्याच्या हातात मोबाईल राहिला होता तो मुलगा मालकांचा हात सोडेना. “नारळ परत आला होता ना, काका? आला होता ना?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. मालकांनी फक्त विचारलं, कुठल्या अंगानं सोडला होता? मुलानं पलीकडे बोट दाखवलं. मालक त्या बाजूला बघत ओल्या दगडावर बसले, ते दोघांनी बखोटीला धरून उठवेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून ते गावभर खरं सांगत फिरायला लागले. देवळाच्या पारावर, चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत: आसरा नाहीत, गोष्ट मी रचली, नारळाला काही अर्थ नाही, पाणी वाईट आहे, बस. तुम्हाला वाटेल, उभ्या गावानं ज्यांना थापाड्या ठरवलं होतं त्यांचं हे तरी लगेच पटायला हवं होतं. उलट झालं. लोक समजूत घालायचे, नाना, जिवाला लावून घेऊ नका. नारळ परत आला म्हणजे आसरांनी पोराला पसंत केलं, म्हणून ठेवून घेतलं. कुणी म्हणालं, त्याच्या पायात बूट होते. कुणी म्हणालं, नारळाला शेंडी नव्हती. दिवाळीच्या आत डोहाकाठी सात दगड उभे राहिले, शेंदूर लागला, हिरवी चोळी आली. ज्या गावानं जन्मात त्यांचा एक शब्द खरा मानला नव्हता, त्याच गावानं हा एक काही केल्या सोडला नाही.

खरं चालेना तेव्हा ते पुन्हा थापेकडे वळले. आसरा इथून उठून पानशेतच्या धरणात गेल्या, तिथं पाणी जास्त आहे, असं सांगून बघितलं. लोक हसले. त्यांची थाप पडलेली मी प्रथमच पाहिली, आणि मला हसू आलं नाही.

मग एके सकाळी ओट्यावर दाढी करता करता ते म्हणाले, “म्या सोता बिननारळाचा उतरलो अन् वर आलो, तर लोक म्हनतील, चला, उतरायला हरकत न्हाई. अन् बुडालो, तर आसरा खऱ्या. सांगा आता, सिस्टर.” त्यांनी गालावरचा साबण तसाच वाळू दिला.

वर्षानं त्या मुलाची आई आली. नवरा गाडीतच बसून राहिला. ती एकटी खाली उतरली, हातात खण, बांगड्या, नारळ. गोष्ट ठाऊक असलेले आजोबा कोण, असं विचारत आमच्या ओट्याशी पोचली. टपरीवरचे दोघं-तिघं वाट दाखवायला म्हणून आले आणि ऐकायला म्हणून थांबले. मावशींनी पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की मुलानं सांगितल्याप्रमाणं सगळं केलं, नारळ परत आला, नमस्कारही केला. मग त्याचं चुकलं काय? ते कळलं तर ती चूक ती स्वतः भरून देणार होती.

मालक उठून उभे राहिले. मी त्यांना असं हात जोडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “बाई, त्याचं काय चुकलं न्हाई. गोष्टच खोटी. म्या रचली. मानसं पान्यात जाऊ न्हाईत म्हनून रचली. तितं आसरा न्हाईत, कुनी न्हाई.”

तिनं ते नीट ऐकून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि देऊ दे असंही वाटलं. पण ती अगदी हळू म्हणाली, “म्हणजे तो उगाच गेला?”

मालक तिच्याकडे बघत राहिले. हातातल्या भांड्यातलं पाणी तिच्या साडीवर सांडत होतं, तिला ते कळत नव्हतं. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत मालकांचा चेहरा बदलला. तो चेहरा मला ओळखीचा होता. गाडीची काच खाली झाली की असायचा तोच, फक्त आता त्यावरून पाणी वाहत होतं. ते तिच्या पुढ्यात खाली बसले आणि म्हणाले, “न्हाई, बाई. उगाच कसा जाईल? धाकटीला भाऊ नव्हता. तिला तुमचं पोरगं भावावानी दिसलं. तिनं ठेवून घेतला. त्याला तितं कायबी कमी न्हाई.”

तेव्हा कुठं ती रडली. मावशींनी तिला जवळ घेतलं. ती डोहावर गेली, सातवीची ओटी भरून आली आणि जाताना मालकांच्या पाया पडली. टपरीवाले गावात पोचायच्या आधी बातमी पोचली, की आसरा खऱ्या, नानांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. नंतर मी चिडून त्यांना विचारलं, की एक वर्ष घसा कोरडा केलात तो कशासाठी? ते म्हणाले, ती उतारा मागायला आली होती.

त्यानंतर ते आसरांबद्दल खरंही बोलले नाहीत आणि खोटंही. शनिवार-रविवारी सकाळी बांबू घेऊन निघायचे आणि डोहाच्या पलीकडच्या अंगाला, जिथं पाणी गोल फिरतं तिथं, गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. कुणाचा नारळ फिरून काठाकडे यायला लागला, की बांबूनं ढकलून पुन्हा धारेत घालायचे. दिवसभर तेवढंच. वरून धबधब्याचे तुषार, कधी पाऊस. पाहुण्यांना वाटायचं हा इथला पुजारी. ते त्यांचे फोटो काढायचे. गावाला वाटायचं नाना आता पुरते फिरले. त्या पावसाळ्यात डोहात कुणी गेलं नाही. पुढच्याही नाही.

मी नर्स. छातीतला आवाज मला ऐकू येत होता. गोळ्या दिल्या, रागावले, बांबू लपवून ठेवला. त्यांनी दुसरा तोडून आणला. शेवटी भोरला दाखल केलं तेव्हा वेळ निघून गेली होती. खाटेवर त्यांनी विचारलं, आज वार कोणता? शनिवार होता. मी मंगळवार सांगितला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बारीक हसले. थाप ओळखायला ते चुकणार नव्हते, पण त्यांनी ती घेतली.

दहावा ओढ्याकाठी होता, डोहाच्या खाली. भटजींनी पिंड मांडले, सगळे मागं सरून उभे राहिले. आंब्यावर कावळे बसलेले होते. एकही खाली येईना. मालकांचा मुलगा टेम्पो चालवतो, साधा माणूस. त्यानं हात जोडून सांगितलं की आईला अंतर देणार नाही. कावळा आला नाही. बांधावरचं वावर विकणार नाही, म्हणाला. नाही. चुलत्यांनी काही काही कबूल केलं. ऊन चढत गेलं.

तेव्हा मावशी, ज्या सगळ्यांच्या मागं बसल्या होत्या, तिथूनच सुनेला म्हणाल्या, “संगीते, नारळाचं टेबल उचलते म्हन. त्यांचा जीव तितं हाये.”

सगळ्यांनी संगीताकडे बघितलं. ती खाली मान घालून उभी होती. तिच्या दोन्ही मुली नसरापूरला शिकायला, नवऱ्याचा टेम्पो महिन्यातले अर्धे दिवस दारात. मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. मी तिला काय बोलणार? ती खोटं कबूल करू शकली असती. तेवढा एक शब्द टाकून, घरी जाऊन पुन्हा टेबल मांडता आलं असतं. पण मेलेल्या माणसाला खोटं सांगायचं तिच्यानं होईना. ती काहीच बोलली नाही, आणि कावळेही आंब्यावरून हलले नाहीत. भटजींनी सूर्याकडे पाहिलं, दर्भ घेतला, त्याचा कावळा वळला आणि पिंडाला शिववला. विधी झाला. लोक अंग धुवायला पाण्याकडे गेले.

आम्ही वाटेच्या तोंडाशी आलो तर तिथं एक गाडी उभी होती. टेबल पोत्यानं झाकलेलं. गाडीतल्या पोरांनी संगीताला विचारलं, आसरांचा डोह हाच ना, आणि नारळ मिळेल का? तिचे केस ओलेच होते. तिनं सांगितलं की आज आम्हाला सुतक आहे, आसरांचा नारळ आमच्या हातचा चालायचा नाही, पलीकडच्या टपरीवर मिळेल.

“आणि परत आला की उतरायचं? खरं असतं का हो हे?” त्यांतल्या एकानं विचारलं.

मावशी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. संगीतानं एकदा वरच्या धबधब्याकडे बघितलं.

“आमचं मामंजी सांगायचं,” ती म्हणाली. “ते कंदी खोटं बोललं न्हाईत.”